दोन टर्बो आणि स्वातीची पहिली पंचमी

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात गाडीच्या सगळ्या किल्ल्या आईच्या कमरेला जातात, आणि त्या परत मागायची माझी छाती नाही.

नगरला लागून असलेल्या केडगावात माझं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. दिवसभर फॅनबेल्ट, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर विकून माणसाचा जीव आंबतो, मग त्याला काहीतरी नाद लागतो. कुणाला शर्यतीच्या बैलांचा लागतो, कुणाला सोसायटीच्या निवडणुकीचा. मला गाडीचा लागला. पुण्याच्या एका गृहस्थाकडून मी परदेशी बनावटीची, लाल रंगाची, सहा सिलिंडरची जुनी स्पोर्ट्स गाडी उचलली. ती मुळातच एवढी पळायची, की तिसरा गिअर टाकावा तर पुढचा स्पीडब्रेकर हजर. शहाण्या माणसानं तिथंच देवाला नारळ फोडून गप बसावं. पण मी मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलो आणि ठरवलं, हिला ट्विन टर्बो करायची.

(टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा ओढतो आणि इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. असे दोन बसवायचे, तीन सिलिंडरला एक आणि उरलेल्या तिघांना दुसरा. एवढंच कळलं तरी पुष्कळ. मलाही तेव्हा एवढंच कळत होतं.)

आमचे वडील, आण्णा, ओसरीवर बसून सगळं ऐकत होते.

"आपल्या ट्रॅक्टरला एक टर्बो हाय," ते म्हणाले. "त्यो नांगर ओढतो. तू दोन लावून काय ओढनार?"

"आण्णा, ताकद वाढते."

"व्हय. पन ओढनार काय?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणालो. हे वाक्य मी आण्णांना जेव्हा जेव्हा ऐकवलंय, तेव्हा तेव्हा तोंडावर आपटलोय. तरी सवय जात नाही.

त्याच उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं, स्वातीचं, लग्न झालं. तिला जामखेडपलीकडं खर्ड्याला दिली. लग्नानंतरची पहिली पंचमी पोरीनं माहेरी करायची आणि त्यासाठी माहेराहून मूळ जायचं, म्हणजे भावानं मुराळी होऊन तिला सासरहून आणायची, ही रीत. मैत्रिणी आपापल्या सासरहून येतात, दुपारी झोके बांधतात, फेर धरतात. पंचमी दरवर्षी येते, पण पहिली एकदाच.

"दादा, चवथीलाच ये बरं का," स्वाती फोनवर म्हणाली. "आमची सगळी गँग येणारे. आण्णांना सांग, झोका लिंबालाच बांधा."

"अगं, दोन टर्बोच्या गाडीतून आणतो तुला. खर्ड्यात बसलीस की केडगावात उतरलीस."

"मधला रस्ता असू दे. दुपारच्या झोक्याला पोचव, म्हणजे झालं."

काम घेतलं होतं पप्पू फिटरनं. पप्पूनं याआधी एकही टर्बो बसवला नव्हता, पण मी पाहिलेले सगळे व्हिडिओ त्यानंही पाहिले होते, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. "शेठ, चवथीला सकाळी गाडी दारात," तो छातीला हात लावून म्हणाला. चवथीला सकाळी गाडीचं पुढचं तोंड जमिनीवर सुटं पडलं होतं. दुपारी पाइप बसला तर रेडिएटर बसेना. रेडिएटर बसला तर तेल गळायला लागलं. आणि चवथीला बहिणी भावासाठी उपवास धरतात. तिकडं स्वाती पिशवी भरून, उपाशीपोटी, सासरच्या ओसरीवर रस्त्याकडं बघत बसलेली. संध्याकाळी मी फोन केला, "उद्या पहाटे निघतो, नक्की."

"बरं," ती म्हणाली. तेवढंच. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते "बरं" मला अजून टोचतं.

पंचमीच्या पहाटे गाडी सुरू झाली, आणि खोटं कशाला बोलू, मी सगळं विसरलो. काय तो जोर! शिवाय ॲक्सिलरेटर दाबून सोडला, की दोन्ही टर्बोंतून कोंडलेली हवा सुटायची. फुस्स्स! फक्त एक खोट होती. टर्बोच्या तोंडांवर एअर फिल्टर होते, त्यामुळे आवाज दबून यायचा. मला तो सबंध पंचक्रोशीला ऐकवायचा होता. मी दोन्ही फिल्टर काढले आणि डिकीत टाकले. (हो, मीच. गिऱ्हाइकाला रोज बजावणारा, की बाबा, फिल्टरबिगर इंजिन म्हणजे दाराबिगर घर.)

खर्ड्यात गल्लीच्या तोंडापासूनच मी फुस्स करत शिरलो. स्वातीच्या सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं, चहा झाला, कपड्यांची पिशवी आणि सासूबाईंनी दिलेली लाह्यांची पिशवी डिकीत गेल्या. निघायचं, बस. पण पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, "सूनबाईचा भाऊ म्हनं गाडीला काय तरी बसवून आलाय." मग काय, मी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू ठेवलं आणि हातानं वायर ओढून रेस देऊन दाखवायला लागलो.

फुस्स्स.

दारात स्वातीच्या आजेसासू काठी टेकून उभ्या होत्या. हातात पूजेचं ताट, ताटात ज्वारीच्या लाह्या, दुर्वा आणि दुधाची वाटी. गुडघ्यांमुळं त्या वर्षी त्यांना वारुळापर्यंत जाववत नव्हतं, म्हणून त्या सकाळपासून हिरमुसलेल्या होत्या. त्यांनी आवाज ऐकला. दोन पावलं पुढं आल्या, इंजिनात वाकून पाहिलं. दोन काळी वाटोळी तोंडं त्यांच्याकडं बघत होती.

"दोन तोंडाचा हाय," त्या हळूच म्हणाल्या. "परत बोलंल का?"

आता मी काय करायला हवं होतं? इंजिन बंद करून बॉनेट लावायला हवं होतं. मी काय केलं? परत रेस दिली. म्हातारीला बरं वाटावं म्हणून, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे एवढं भक्तिभावानं त्या टर्बोकडं तोपर्यंत कुणी पाहिलंच नव्हतं.

फुस्स्स. म्हातारीनं दोन्ही हात जोडले, ताटातल्या मूठभर लाह्या घेतल्या आणि एका तोंडापुढं धरल्या. लाह्या गपकन आत गेल्या.

"अगं बया, खाल्लं की गं!"

"आजी, अहो..."

"एकाला दिलं अन् दुसऱ्याला न्हाई, कसं चालंल?" दुसऱ्याही तोंडात मूठभर गेल्या. वर दुर्वांनी दुधाचे शिंतोडे. दगडाच्या, मातीच्या नागाला लाह्या घालून जन्म गेलेल्या त्या माउलीनं देवाला खाताना पहिल्यांदा पाहिलं होतं. बातमी गल्लीभर झाली. शेजारच्या बायका आपापली ताटं घेऊन आल्या, रांग लागली.

"दादा, इंजिनाला काही होणार नाही ना?" स्वातीनं कानाशी येऊन विचारलं.

"लाह्याच तर आहेत. हलक्या असतात," मी म्हणालो. लाह्यांच्या तळाला न फुटलेले, दगडासारखे दाणे असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी त्यावर एक दात गेलाय माझा.

निघालो. खर्ड्याचा किल्ला मागं पडला आणि मी स्वातीला म्हटलं, "आता बघ." दाबला ॲक्सिलरेटर. आधी शिट्टीसारखा आवाज आला. मग खडखड. मग बॉनेटखाली कुणीतरी पातेलं आपटावं तसं झालं आणि मागं पांढऱ्या धुराचा लोट उठला. गाडी जामखेडच्या अलीकडं, रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली जाऊन उभी राहिली आणि तिथून हलली नाही.

"दादा, एस.टी. येतीय," स्वाती म्हणाली.

"पहिल्या पंचमीला तुला एस.टी.नं नेऊ? पाच मिनिटं थांब, होईल."

एस.टी. गेली. होईना. दुसरी आली.

"दादा."

"थांब गं, आता होईलच."

तीही गेली. तिच्या मागच्या काचेकडं स्वाती बराच वेळ बघत होती आणि मी बॉनेटखाली डोकं घालून न दिसल्यासारखं केलं. एका एस.टी.ला हात केला असता, तर ती दुपारच्या झोक्याला घरी असती. दोन टर्बोंच्या नादात मला साधा हात वर करता आला नाही.

फोनाफोनी करून जामखेडचा एक मेकॅनिक मोटरसायकलवर आला. त्यानं एक पाइप सैल केला, बोट घातलं आणि दुधानं चिकटलेल्या लाह्यांचा गोळा बाहेर काढला. त्या गोळ्याकडं आणि माझ्याकडं त्यानं आळीपाळीनं पाहिलं.

"ह्या कशा?"

"नैवेद्य," मी म्हणालो. स्वातीनं ओढणी तोंडाला लावली.

"पंख्याची पाती उडाल्यात. पाइप कापून टर्बो उतरावं लागंल."

"मग काप."

"आज?" तो पाना पुसायला लागला. "आज पंचमी हाय, शेठ. आज कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई. आमची आई घरात इळीला हात लावू देत न्हाई, अन् तुमी पाइप कापा म्हनता? त्यात ह्यो परसाद खाल्ल्याला. उद्या येतो." आणि गेला.

ऊन कलायला लागलं. केडगावात एव्हाना झोका बांधून झाला असणार. स्वातीचा फोन दोनदा वाजला, मैत्रिणींचा. तिनं "येतीय गं, वाटेतच आहे" म्हणून ठेवला. दुसऱ्या गाडीमागं ओढून न्यायचा, टोचनाचा दोर काढावा म्हणून मी डिकी उघडली. स्वाती शेजारी येऊन उभी राहिली.

"हे काय रे दोन?"

"फिल्टर."

"या गाडीचे?"

"हो."

"मग इथं काय करतायत?"

मी फिल्टर बाजूला सारून दोर बाहेर ओढला. तिनं दोराकडं पाहिलं, मग वर लिंबाकडं.

"दादा, दोर लांब आहे की. झोका बांध."

"इथं? रस्त्यावर?"

"मग कुठं बांधणार आता?"

बांधला. माझी सगळी शरम त्या गाठींत ओतून, करकचून बांधला. बसायला सीटवरची गादी घातली. स्वाती बसली आणि मी झोके दिले. जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. ती हसत होती, एक गाणंही म्हणाली, पण फेराचं गाणं एकट्यानं म्हणायचं नसतं. दुसरी ओळ मैत्रिणींनी उचलायची असते. तिथं ती थांबायची. मला ती ओळ येत नव्हती. इतकं वाईट मला माझ्या इंजिनाचंही वाटलं नाही.

तेवढ्यात भाजीचा एक रिकामा टेम्पो थांबला. म्हातारा ड्रायव्हर, शेजारी त्याची बायको, नगरलाच निघालेले.

"टोचन करू की," म्हातारा म्हणाला. "दोर हाय का?"

दोर होता. झाडावर. मी गाठ सोडायला गेलो, तर झोक्याच्या वजनानं ती अशी आवळली होती, की नखं गेली तरी हलेना. म्हाताऱ्यानं कोयता पुढं केला.

"दादा, नाही हं," स्वाती म्हणाली. "आज कापायचं नाही. त्यात झोक्याचा दोर. काल तुझ्यासाठी उपवास धरलाय मी."

म्हाताऱ्यानं कोयता मागं घेतला, बिडी ओढली आणि शेवटी म्हणाला, "मी पोरीला न्हेऊन सोडतो. तुमचं चालू द्या." मला गाडी रस्त्यावर सोडवेना. स्वाती त्या बाईशेजारी बसली, आणि माझी बहीण मुराळ्याशिवाय, भाजीच्या टेम्पोतून पहिल्या पंचमीला माहेरी गेली. घाईत तिची लाह्यांची पिशवी माझ्याकडंच राहिली.

दिवस मावळताना कुणाचा तरी पिकअप मालकासकट मागून घेऊन आण्णा आले. गाडी पाहिली. झाडावरचा दोर पाहिला. माझ्या हातांकडं पाहिलं.

"पोचली का स्वाती?" मी विचारलं.

"पोचली. झोका सोडला हुता पोरींनी. फेर बी झाला हुता." ते पिकअपचा मागचा फाळका सोडत म्हणाले, "तुझ्या वाटची पुरनाची दिंडं झाकून ठिवल्यात तिनं. आईला म्हनली, दादा उपाशी आसंल."

मी लाह्यांची पिशवी डिकीतून काढून काखेत धरली.

आण्णांनी पिकअपमधून स्वतःचा दोर काढला, माझ्या दोन टर्बोवाल्या गाडीला बांधला आणि ओढायची तयारी केली. ओढणार काय, हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही, एवढी त्यांची माया. गाडीचं स्टिअरिंग धरायला त्यांनी पिकअपवाल्या मालकाला बसवलं. माझ्या हाती चाक द्यायची त्यांची त्या दिवशी तयारी नव्हती. मग पिकअपचं दुसऱ्या बाजूचं दार उघडून मला म्हणाले, "चल. मूळ आलंय तुला."

आणि बहिणीला आणायला गेलेला मी, मुराळी, लाह्यांची पिशवी मांडीवर घेऊन, नव्या नवरीसारखी मान खाली घालून माहेरी आलो.