काळं सोडून काहीही

आयुष्यात मी पुष्कळ जणांना गुंडाळलं. जर्सी सिटीत माझं दुकान होतं. देशात न्यायला दोनशेवीस व्होल्टचे मिक्सर, इस्त्र्या, टेपरेकॉर्डर विकायचो, आणि घासाघीस झाल्याशिवाय एकही वस्तू माझ्या दारातून बाहेर पडली नाही. पण ज्या दिवशी मी कुणालाही फसवलं नाही, नेमक्या त्याच दिवसाचा ठपका मुलीने माझ्यावर ठेवला. तो मला अजून सलतो.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. एका सकाळी ती जिना उतरली ती डोक्यापासून पायापर्यंत काळी. काळी लेस, काळे बूट, काळे ओठ, तोंडाला पांढरी पावडर आणि आईच्या डबीतलं काजळ पार कानापर्यंत ओढलेलं.

"हे काय सोंग?"

"आय ॲम गॉथ, बाबा."

मला ऐकू आलं 'गोठ'. माझ्या आईचे हातात घालायचे सोन्याचे गोठ बायकोच्या कपाटात होते.

"गोठ? काय केलंस त्यांचं? विकलेस?" मी ओरडलो. ती इतकी हसली की गालावरची पावडर उडाली.

मग तिने मला अर्धं मराठीत, अर्धं इंग्लिशमध्ये समजावलं. गॉथ ही युरोपातली एक टोळी. त्यांनी रोम लुटलं. पुढे हजारएक वर्षांनी इटलीतल्या शहाण्यांना जुनी टोकदार कमानींची चर्च आवडेनात, म्हणून त्यांनी त्यांना 'गॉथिक', म्हणजे रानटी, असं हिणवलं. मग इंग्लंडात पडक्या किल्ल्यांच्या, भुताखेतांच्या कादंबऱ्या निघाल्या, त्यांनाही तेच नाव. आता तिथलं पंक नावाचं बंडखोर संगीत ओसरल्यावर पोरांनी काळोखी गाणी काढली, तर पेपरवाल्यांनी तेच नाव चिकटवलं. त्या कॅसेट्स तिच्या मैत्रिणी नदीपलीकडच्या सिटीतून आणायच्या.

"म्हणजे शिवीच की ती!"

"होती. आम्ही ती अंगावर घातली."

मी आवाज चढवला. घरात कुणी गेलंय का, असंही विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "जूनमध्ये ग्रॅज्युएशन झालं की मी सिटीत मूव्ह होणार. मग तुम्हाला बघायला लागणार नाही."

ती बोलल्याप्रमाणे करणारी मुलगी. अशी गेली तर परत येणार नाही, एवढं मला कळत होतं. त्यात आमच्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांनी दुकानात येऊन विचारलं, "मुलगी कुठल्या पंथाबिंथात गेली का हो?" मी त्यांना मिक्सर विकला नाही. फेब्रुवारीत एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम होता. मी तिच्यापुढे सौदा ठेवला.

"एक दुपार साडी नेसून ये. काळं सोडून काहीही. जूनपर्यंत तुझ्या काळ्या कपड्यांबद्दल मी एक शब्द काढणार नाही."

"एकही नाही? चांगला किंवा वाईट?"

"एकही नाही. आणि तू जायचं की नाही याचा पुन्हा विचार करायचा."

"ओके. डील." आम्ही हात मिळवले. बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही.

त्या रविवारी बायको आम्ही उठायच्या आतच शाळेच्या किचनमध्ये मंडळाच्या स्वयंपाकाला गेली होती. पोपटी साडी मीच कपाटातून काढली, शेजारच्या गुजराती बेननी नेसवली. मी हॉलचं दार उघडलं. सगळ्या बायका काळ्या साड्यांत. एका बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने. मंडळाची संक्रांत हॉल मिळेल तेव्हा व्हायची आणि पत्रकावर नुसतं 'विंटर गेट-टुगेदर' छापलं होतं. संक्रांत माझ्या डोक्यातून साफ गेली होती.

"अगं बाई, पोपटी?" एक काकू तिच्या हातावर तिळगूळ ठेवत म्हणाल्या. "संक्रांतीला काळं नेसतात. एखादं काळं नाही का गं तुझ्याकडे?"

आजूबाजूच्या हसल्या. मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"बाबांना विचारा, काकू."

बायको पदर सावरत पुढे आली. तीही काळ्या चंद्रकळेत. "अहो, सांगितलं नाहीत हिला? तिला किती आवडलं असतं!"

मी तोंड उघडलं. "काळं..."

"नॉट वन वर्ड," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. "अ डील इज अ डील."

मी तोंड मिटलं. गाडीत ती मागे बसली आणि काचेकडे बघत म्हणाली, "वर्षातून एक दिवस तुम्ही सगळे काळं घालता. त्या दिवशी मी तुमच्यातली दिसले असते. तुम्ही तोच दिवस पिक केलात."

मी घरापर्यंत गाडी चालवली. शब्द मोडला असता तर ती त्याच दिवशी गेली असती. पाळला, तर तिने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तो दिवस मुद्दाम निवडल्याची कबुली असा लावला. चार महिने मी तोंड शिवून बसलो, आणि दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसलो.

जूनमध्ये ग्रॅज्युएशन झालं त्याच संध्याकाळी तिच्या खोलीच्या दारात उभं राहून मी सांगितलं, "मला संक्रांत खरंच आठवली नव्हती गं."

ती खोक्याला टेप लावत होती. "बाबा, तुम्ही कधीच काही विसरत नाही."

ती गेली. महिन्यातून एकदा जेवायला येई, काळ्याच कपड्यांत. एकदा जेवताना मी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा आवाज चढवूनच. तिने ऐकून घेतलं, आमटी वाढून घेतली आणि मान हलवली. हा माझा शेवटचा भाव, असं मी शपथेवर सांगितलं की गिऱ्हाइकं हलवायची, तशी.