कॅमेऱ्याला लावलेलं कुलूप

आपल्या घरात कुठल्याही कंपनीने डोकावायचं नाही, या हट्टापायी मी जळगावच्या घरी कॉम्प्युटरवर एक प्रायव्हसीचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात दिसेल ते बटण बंद केलं आणि विसरूनही गेलो.

पुढच्याच आठवड्यात धुळ्याहून मुलीसाठी स्थळ आलं. आधी व्हिडिओ कॉलवर बोलायचं, ही मुलीचीच अट. बायकोने पडदे बदलले, आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो, आणि स्क्रीनवर आमच्या जागी नुसता काळा चौकोन. आवाजही जाईना. धुळ्याची मंडळी मात्र आम्हाला स्वच्छ दिसत होती. त्यांच्यातली एक अक्का अहिराणीत म्हणाली, "काय लपाडी राहिनात ह्या?" म्हणजे, हे लोक लपवताहेत तरी काय?

मी घाईघाईने सेटिंग उघडली. कॅमेऱ्याचं बटण हलेना. वर लिहिलेलं होतं, 'यातल्या काही सेटिंग तुमची संस्था सांभाळते.' माझं डोकंच फिरलं. घरच्या कॉम्प्युटरला कसली आलीय संस्था?

बायको शांतपणे म्हणाली, "अध्यक्ष तुम्हीच ना?"

दुसऱ्या दिवशी त्या प्रायव्हसीच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन एकेक बटण पुन्हा चालू केलं आणि माफी मागायला धुळ्याला फोन लावला.

"अहो, असू द्या भाऊ," मुलाचे वडील म्हणाले. "आमच्या साडूंनी तुमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर आधीच सगळी चौकशी केली होती. मुलगी छान आहे. वडील तेवढे तापट आहेत म्हणे."

"कोण म्हणतं?" मी ओरडलो.