दाजींचं वावर आणि चार उघड्या वायरी

'अंदाजे' हा शब्द उभ्या आयुष्यात तोंडातून न काढलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका मला साडू म्हणून मिळाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते आणि मीही दाजीच म्हणतो. साडू म्हटलं की बरोबरी आली, आणि तेवढी माझी टाप नाही. सेलूच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. कापसाच्या गाड्या यायच्या, दाजी आकडा सांगायचे, आणि त्या आकड्यावर ना शेतकरी वाद घालायचा ना व्यापारी. निवृत्तीनंतर काटा जिनिंगवर राहिला, पण सवय घरी आली. चहात साखर किती म्हणून विचारलं की "सव्वा चमचा." पाच वाजून दहा मिनिटांनी येतो म्हणाले आणि आठ मिनिटांनीच पोचले, तर उरलेली दोन मिनिटं आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभे राहून काढायचे. माझ्या लग्नात गुरुजींनी शेवटचं मंगलाष्टक संपवून अंतरपाट खाली घेतला, तर घड्याळ धरून उभे असलेले दाजी गरजले, "थांबा! चाळीस सेकंद हायत अजून." अंतरपाट पुन्हा वर गेला. त्या चाळीस सेकंदांत मला फेरविचार करता आला असता, असं मी पुढं बायकोला एकदा म्हणालो होतो. एकदाच.

आणि मी पडलो अंदाजे माणूस. भाजीत मीठ अंदाजे, गाडीत पेट्रोल अंदाजे, आमची धाकटी कितवीत आहे हेसुद्धा अंदाजे. एकदा सहज म्हणालो, "परभणीहून निघालो दाजी, अंदाजे तासाभरात येतो." फोनवरून आवाज आला, "साडभाऊ, अंदाजे म्हंजी काय? माहीत न्हाई असं सरळ म्हणावं माणसानं. त्यात लाजायचं काय?"

दाजींचं वावर, म्हणजे शेत, दुधना नदीच्या धरणात गेलं. वावराचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण अक्कांचं दुखणं वेगळं होतं. आमची सासुरवाडी गंगाखेडकडची. तिकडं येळवस म्हणजे वेळअमावस्या हा वर्षाचा मोठा सण. हिवाळ्यात त्या दिवशी घरातलं माणूस न् माणूस आपल्या रानात जातं, कडब्याची खोप करून तिथं पाच खडे पांडव म्हणून मांडतं, भाज्या-डाळींची मिसळ म्हणजे भज्जी आणि बाजरीचे उंडे खातं आणि ताकातली आंबील उभ्या पिकावर शिंपडतं. अक्कांनी हा सण सेलूकडं आणून सासरच्यांच्या अंगवळणी पाडला होता. धरण झालं, आणि त्यांची येळवस बंद पडली. शेजारीपाजारी बोलवायचे. अक्का म्हणायच्या, "दुसऱ्याच्या वावरात जेवायला येते की. पर आंबील न्हाई शिंपडणार. ती आपल्याच मातीला." मग एका वर्षी अक्कांच्या हृदयाचं दुखणं निघालं, आणि दाजींनी होडी घेतली.

होडी म्हणजे एका भोयाकडची जुनी फायबरची, मागं खोकणारं इंजिन. तिच्यावर दाजींनी एक यंत्र बसवलं. कोकणात कुणी आपली बोट मोडीत काढली होती, तिथून ओळखीच्या ट्रकवाल्यानं आणलेलं. पडद्यावर पाण्याची खोली दाखवायचं, मासे दाखवायचं. दाजींना माशांशी कर्तव्य नव्हतं, ते माळकरी. त्यांना हवी होती त्या यंत्राची दुसरी हिकमत. त्याला उपग्रहाचा रिसीव्हर जोडला, की होडी कुठं आहे ते पडद्यावर येतं, एखादी जागा साठवून ठेवता येते आणि पुन्हा नेमकं तिथंच येता येतं. मे महिन्यात पाणी उतरलं की त्यांच्या बुडालेल्या वावरातल्या विहिरीचं तोंड वर यायचं. तेव्हा होडी विहिरीला लावून जागा साठवायची, आणि येळवशीला भरल्या पाण्यात अक्कांना नेमकं तिथं न्यायचं.

"मोबाईलवर होतंय की हे, दाजी," मी म्हणालो.

"बघितलं. घरात पाटावर बसून बघितलं, तर तुमचा मोबाईल मला शेजारच्याच्या म्हशीजवळ दाखवायलाय. त्याचा काय इतबार? आणि आमच्या डाव्या अंगाला चुलतभावाचं वावर हाय. आंबील तिकडं पडली तर?"

त्या दोघांत बांधाचा वाद जुना. धरणानं तो मिटवला असं सगळ्या सेलूला वाटलं होतं. वीस-पंचवीस फूट पाण्याखाली बांध कोणता आणि डावं अंग कोणतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग रिसीव्हरची निवड सुरू झाली. दाजींनी हातरुमालसुद्धा कधी एका दुकानात घेतला नाही. स्वस्त हवा, पण रडका नको. पाण्यात भिजला तरी चालणारा हवा. आणि मुख्य म्हणजे मागं चार उघड्या वायरी असलेला हवा, कारण जुन्या यंत्राला तसाच जोडता येतो. हे सगळं त्यांनी एका चिठ्ठीवर वायरींच्या रंगांसकट लिहिलं. त्या मे महिन्यात मी पुण्याला एका लग्नाला निघालो होतो. दाजींनी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि मूठ मिटवून दिली. "मृगाच्या आत पायजे. विहीर वर आलीया."

चिठ्ठी परभणीत, दुसऱ्या पँटच्या खिशात राहिली. फोन करून विचारता आलं असतं, पण कसं विचारणार? म्हटलं, आठवतंय की आपल्याला अंदाजे. दुकानात दोन प्रकार निघाले. एकाच्या मागं वायरींची शेपटं लोंबत होती, दिसायला गबाळा. दुसरा चपटा, चकचकीत, लोखंडाला चिकटणारा, वर कॉम्प्युटरला लावायची पिन, आणि स्वस्त. "सगळ्याला चालतो," दुकानदार म्हणाला. मी चकचकीत घेतला आणि वाचलेल्या पैशांचं आइस्क्रीम खाल्लं.

दाजींनी खोका उघडला, पिन बघितली, माझ्याकडं बघितलं नाही. पिन कापली, आतल्या वायरी काढल्या, जोडल्या. दोन दिवस खटपट केली. शेवटी म्हणाले, "वायरी जुळल्या, पर ह्याची बोली त्याला कळंना. साडूसारखं झालंय हे. शेजारी बसतंय, कामाचं बोलत न्हाई." बस्स, एवढंच. दुसरा रिसीव्हर मागवला तो पोचेपर्यंत विहीर पाण्याखाली गेली होती.

येळवशीला तरीही निघालो. अक्का-दाजी आणि आम्ही नवरा-बायको, असे चौघं. अक्का मध्ये बसलेल्या, मांडीवर आंबिलीचं गाडगं, समोर परातीत पाच खडे. चारीकडं पाणी. नवा रिसीव्हर आता छान चालत होता, पडद्यावर आकडे दाखवत होता. पण जायचं कुठं, हे त्याला कुणी सांगून ठेवलंच नव्हतं. दाजींनी काठावरच्या टेकाडाकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, इंजिन बंद केलं आणि पडद्यावरचा आकडा खिशातल्या वहीत टिपला.

"आलं का आपलं वावर?" अक्कांनी विचारलं.

मला वाटलं, आता दाजी सांगणार, की ह्या शहाण्यामुळं ठाऊक नाही. आणि त्यांनी सांगायलाच हवं होतं.

"आलं," दाजी म्हणाले.

अक्का हसल्या. "अंदाजे?"

"न्हाई. बरोब्बर. ही बघ, विहीर हितं खाली."

अक्कांनी कडुलिंबाच्या डहाळीनं पाण्यावर आंबील शिंपडली, चारी अंगांना, एखाद्या नव्या नवरीसारख्या उत्साहानं. मग उंडे वाढले. "भज्जीत मीठ बरं हाय का?" म्हणून मला तीनदा विचारलं. मला चवच लागत नव्हती. परतताना दाजी माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "काटा आज पहिल्यांदा खोटा लावला, साडभाऊ." रागानं नाही, फक्त नोंद दिल्यासारखं. तेच जास्त लागलं.

पुढची येळवस अक्कांना दिसली नाही. त्यांच्या तेराव्याला लोक एकमेकांना विचारत होते, हा इतका का रडतोय, मेहुणीच तर होती. मी कुणाला रिसीव्हरचं काय सांगणार?

त्यानंतरच्या उन्हाळ्यांत धरणात पाणी टिकून राहिलं. यंदा मात्र उतरलं. विहिरीचं तोंड वर आल्याचं कळताच मी सेलू गाठलं. पाच वाजता येतो म्हणालो होतो आणि दाजींसारखा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून बरोबर पाचलाच दारात उभा राहिलो. म्हटलं, "चला दाजी, होडी काढा. आज जागा साठवून टाकू. त्या दिवशी आपण कुठं उभे होतो तो आकडा तुम्ही वहीत लिहून ठेवलाय, मला माहीत आहे. ताळा करून बघू."

दाजी ओट्यावर बसले होते. रिसीव्हर मांडीवर होता, धुळीनं भरलेला. त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला, चारी वायरींची नीट गुंडाळी केली आणि खोक्यात ठेवून दिला.

"नको," म्हणाले. "तिनं शिंपडली ती आपल्याच वावरात पडली."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि एखादं अवघड वजन दोन्ही हातांनी उचलावं तसं हळूहळू म्हणाले, "अंदाजे."