हरताळाचा वास

ज्याचे हात दिवसभर गुंतलेले आणि तोंड मोकळं, त्याच्याकडे किस्से साचतातच. आम्ही शिरपूरला लाखेच्या बांगड्या करायचो. रघोबाकाका मालक, यमुनाकाकू त्यांची बायको, झिंगराजी आणि मी कारागीर. आता त्या गल्लीत लाख वितळत नाही. पण कुठे पिवळी बांगडी दिसली की मला ती माणसं हवीशी वाटतात, अगदी आत्ताच्या आत्ता.

आमचा पिवळा रंग म्हणजे हरताळ. सोन्यासारखा चकाकणारा दगड, नखानं पापुद्रे निघतात. पण जात सोमलाची, म्हणजे जहर. हात घासून धुतल्याशिवाय काकू कुणाला भाकरी वाढत नसत.

*

एकदा मालेगावच्या एका दुकानदारानं हरताळाची पूड म्हणून पिवळी माती बांधून दिली. काकांनी चिमूटभर पाण्यात टाकली, तर पाणी गढूळ. मग आपल्याकडची खरी पूड टाकली. ती मुकाट तळाशी बसली आणि पाणी होतं तसं नितळ.

"पाहा, असली माल कोनामधी मिसळत नाही," काका ऐटीत म्हणाले.

"दिसूनच राह्यलं मले," काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून."

*

झिंगराजीला वाटलं, पिवळा जरा फिका केला तर जास्त खपेल. त्यानं गुपचूप हरताळात शिशाचा सफेदा घातला. या दोन रंगांचं जन्माचं वैर! काही दिवसांत अख्खा स्टॉक काळपट पडला. बाजारात भाजीवाली एक माळीण त्या बांगड्या उलटसुलट करून बघत होती. झिंगराजीनं तिला सांगितलं, ही नवी फॅशन आहे, वांगी रंग म्हणतात याला.

"आमी वांगेच पिकवतो, बाप्पा," ती म्हणाली. "हे सडेल हाय."

*

हरताळाला आच जास्त झाली की तो आधी लाल होतो, मग पांढरा धूर सोडतो आणि थेट लसणाचा वास येतो. शिरपूरला यायचे जैन यात्रेकरू, त्यांना लसूण वर्ज्य. एक कुटुंब बांगड्या पसंत करत बसलं होतं आणि नेमकी झिंगराजीची शेगडी भडकली. वास येताच बायका उठल्या. काका हात जोडून सांगताहेत की घरात फोडणी नाही, हा दगडाचा वास आहे. त्यांच्यातले म्हातारे गृहस्थ चप्पल घालता घालता म्हणाले, "खाल्लं तर खाल्लं म्हणा. दगडावर कशाला ढकलता?"

*

काकांनी त्याच दिवशी घरात लसूण बंद केला. काकू रिठदच्या. लसणाच्या चटणीशिवाय त्यांचा घास उतरत नसे. शब्दानं शब्द वाढला. "तुमच्या दगडाले वास आला तं चालते, मले काहून नाही?" म्हणाल्या आणि माहेरी निघून गेल्या.

काकांच्या घरचा रिवाज असा, की बायको आपल्या पायांनी गेली तर तिनं आपल्या पायांनीच परत यायचं. रिठदचा रिवाज नेमका उलटा. नवरा न्यायला आल्याशिवाय लेक पाठवायची नाही. झालं, दोन्ही घरं रिवाज सांभाळत बसली. गल्लीत बैलगाडी वाजली की मात्र काकांच्या हातातली बांगडी वाकडी व्हायची.

*

त्या दिवसांत काकांची शेगडी सारखी भडकू लागली. इतका जुना कारागीर आणि रोज हरताळ जाळतो! आम्ही खोकत बाहेर पळायचो, काका आतच बसून राहायचे. त्यांना विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

मी माल घेऊन रिठदच्या बाजाराला गेलो तेव्हा काकूंना भेटून हे सांगितलं. किती माल वाया गेला, ते त्यांनी विचारलं नाही. खोकतात का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्या उठल्या आणि माझ्याच गाडीत येऊन बसल्या. त्यांची आई रिवाजाचं काहीतरी बोलत दारापर्यंत आली, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

शिरपूरला पोचलो तर गल्लीभर लसूण. काकूंनी नाकाला पदर लावला, आत गेल्या आणि चिमट्यानं कढई खाली उतरवली.

"मराचं हाय काय तुमाले? जहर हाय ते."

काकांनी मान वर केली नाही. "हा वास आला की घर घरासारखं लागे मले," म्हणाले.

काकूंनी मागची खिडकी सताड उघडली आणि आमच्यासमोर दार आतून लावून घेतलं.