भोगवटादाराचा रकाना

"हा आपला गडी आहे साहेब. मांगच्या खोलीत पडला राह्यते."

नगरपालिकेचा कारकून कर आकारणीसाठी घरं मोजत फिरत होता. घरमालक, कापसाचा मोठा व्यापारी, माझ्याकडे अंगठा करून हे बोलला. अंगठा. बोटसुद्धा नाही. मी इस्त्रीच्या शर्टात, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यात पाळीला निघालेलो. दर महिन्याला याच माणसाच्या हातात भाडं ठेवणारा. आणि मी काय केलं? मान डोलावली. अशी झकास डोलावली की नाटकात असतो तर टाळ्या पडल्या असत्या.

झरी जामणीकडच्या खेड्यातून आलो होतो. जन्मात पहिल्यांदा भाड्याने राहत होतो. कापसाचे भाव पडलेले, जिनिंगच्या पाळ्या घटलेल्या. ही खोली गेली तर दुसरी कोण देणार, ही भीती.

बायकोने दारातून सगळं ऐकलं. हसली. म्हणाली, "गड्याले मालक पैशे देते. इथं आपनच मालकाले देऊन राह्यलो. असे कसे गडी हो तुमी?"

दुसऱ्याच दिवशी मालकाने माझ्या खोलीच्या घरपट्टीचं बिल नेहमीसारखं माझ्याकडे धाडलं. भरायचं मी, पावती ठेवायची त्याने. आजवर मी फक्त खालचा आकडा वाचायचो. त्या दिवशी वरून वाचलं. दिवाबत्ती, पाणीपट्टी, वृक्षकर. वाहवा! अंगणातल्या एकुलत्या कडुलिंबाखाली मला खाट टाकायला मनाई, पण त्याचा कर माझ्या खिशातून. मग दोन रकाने. मालक: त्याचं नाव. भोगवटादार, म्हणजे घरात प्रत्यक्ष राहणारा: 'स्वतः'.

म्हणजे कागदावर माझ्या चुलीपाशी तो जेवत होता. मी नव्हतोच. बायको नव्हती.

पालिकेत जाऊन विचारलं. भाडेकरू दाखवला की कर वाढतो, आणि ती वाढ मालकाच्या माथी बसते, म्हणून ही चोरी. आकारणीवर हरकत घेता येते, हेही तिथेच कळलं. घेतली.

सुनावणीला मालक कडक इस्त्रीत आला. सुनावणी घेणाऱ्या पालिकेच्या साहेबांनी मला भाडेपावती मागितली. त्याने कधी दिलीच नव्हती. तो गालात हसला. मग मी त्याच्याकडे वळलो. साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असं विचारलं, "शेठ, मी गडी असन तं माह्या दोन वर्साचा पगार काढा. नसन तं साहेबाले सांगा, मी कोन व्हय."

बाबू लोक माना वर करून बघू लागले. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "भाडेकरू."

साहेबांनी 'स्वतः' खोडलं. माझं नाव लिहिलं.

बाहेर येताच त्याने पहिल्या तारखेला खोली खाली करायला सांगितलं. केली.

तेव्हापासून कितीतरी घरं बदलली. नळाला पाणी येतं का, हे मी नंतर विचारतो. आधी घरपट्टीचं बिल मागतो. मालक कपाळाला आठ्या घालतात. घालोत. माझं नाव लिहायला ज्याचा हात अडतो, त्याच्या घराला माझा एक रुपया नाही. आणि मी कोण, हे माझ्यादेखत दुसऱ्या कोणी सांगायचं नाही. ते मी सांगेन.