विश्रांतीच्या खोलीतली तपासणी

आता काय सांगू तुम्हाला, लोक परीक्षेत नापास होतात, मी विश्रांतीत नापास झालोय!

हसू नका. आमच्या मुळशीतल्या मेडिकल कॉलेजात शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल म्हणजे ओळीनं खोल्या. घंटा झाली की आत जायचं, दिलेलं काम करायचं, पुन्हा घंटा झाली की पुढची खोली. कुठं एक्स-रे वाचायचा, कुठं पेशंट बनून बसलेल्या माणसाकडून दुखणं काढून घ्यायचं. परीक्षक दुसरीकडे बसून कॅमेऱ्यातून बघतात. आणि मध्येच कुठंतरी एक खोली असते नुसती दम खायची. तिला मार्क नाहीत.

माझी ही दुसरी खेप. पहिल्या वेळी परीक्षक सरांनी बोलण्यावरच पाडलं होतं. "तू पेशंटशी बोलतोस की त्याची झडती घेतोस?" असं विचारलं होतं. बरोबरीचे सगळे इंटर्न होऊन वॉर्डात मिरवत होते. आता पुन्हा गचकलो असतो तर वडिलांनी मला जांबे गावातल्या आमच्या भाडेकरूंच्या गळक्या नळांवर नेमलं असतं.

तर घंटा झाली. दार सताड उघडं, पाटी भिंतीकडे. ती वाचायला वेळ कुणाला आहे? आत एक काका खुर्चीत धापा टाकत बसलेले, घामानं निथळत. मनात म्हटलं, हार्ट अटॅक! काय झकास काम करतोय माणूस!

लागलो झडतीला.

"धाप कधीपासून?"

"आत्ताच. जिना चढलो न्हवं का."

"छातीवर दडपण?"

"छातीवर न्हाई, खांदा दुखतोय. वजन उचलून."

खांदा! अगदी पुस्तकातलं लक्षण. पुढचं मी ऐकलंच नाही. "काका, धीर धरा. हृदयाचं दुखणं दिसतंय. घरच्यांना बोलावून घ्या." काकांचा चेहरा पांढराफटक पडला. असा नट नाट्यगृहात बघायला मिळत नाही, असं म्हणत मी खूश होऊन बाहेर पडलो.

पुढच्या खोलीत काय, तर पंखा, पाण्याचा तांब्या, दोन पेले आणि पदरानं वारा घेत गप्प बसलेल्या एक मावशी. चला, विश्रांती आली! या मावशीही कामावरून येऊन टेकल्या असणार. मी बूट सैल केले, पाय पसरले आणि खिशातली चिक्की पुढे केली.

"नको रं बाबा," म्हणाल्या. गाव विचारलं, तर नांदे. शेतात इमारती आल्या, आता काम कमी आणि थकवा जास्त, असं सांगू लागल्या. बोलता बोलता तांब्या संपवला. "हल्ली लई तहान लागतीया," म्हणाल्या. मी म्हटलं, "माझ्या आईचं अस्संच होतं, साखर निघाली. घाबरायचं नाही मावशी, एकदा रक्त तपासून घेऊ. एकटं जायला नको वाटलं तर मी येतो सोबत."

संध्याकाळी सरांनी बोलावलं.

"पास झालास. त्या नांद्याच्या मावशींशी जसा बोललास, तसं अख्ख्या बॅचमध्ये कुणी बोललं नाही."

इथं गप्प बसायचं की नाही? पण मी म्हणालो, "सर, तिथं तर मी विश्रांती घेत होतो."

सर शांतपणे म्हणाले, "आणि विश्रांतीच्या खोलीत पाण्याचा जार ठेवायला आलेल्या माणसाला तू काय सांगितलंस? तो दुपारपासून कॅज्युअल्टीत झोपलाय. कार्डिओग्राम चांगला आलाय, पण उठायला तयार नाही."

गेलो, पाया पडलो, परीक्षा आणि विश्रांतीचा सगळा घोटाळा सांगितला, हाताला धरून उठवलं. कासारसाईचे दत्तूकाका. त्यांचे बाकीचे जार खालीच राहिले आणि त्या दिवशी उरलेली परीक्षा पाण्याविना पार पडली.

आता मी इंटर्न आहे, ओपीडीत बसतो. परवा दारात दत्तूकाका. खोकला झालेला. म्हटलं, या काका, बसा. ते उंबऱ्यातच थांबले, कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"डॉक्टर, आज तुमची परीक्षा हाय का इस्रांती? परीक्षा आसंल तर मी उद्या येतो."