हलू नका मास्तर

मास्तरांचं खरं नाव विचाराल तर लोक डोकं खाजवतील. ‘हलू नका मास्तर’ म्हणा, कुणीही थेट दारात आणून सोडेल.

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी शंभर वर्षांचा एक लाकडी कॅमेरा पदरी बाळगला होता. त्याला ना फिल्म, ना बटण. अंधाऱ्या न्हाणीघरात काचेवर फोटोचा रासायनिक मसाला लावायचा, काच कॅमेऱ्यात घालायची, भिंगाचं टोपण काढून दहा आकडे मोजायचे आणि टोपण परत लावायचं. तेवढ्यात समोरचा हलला की सगळं मुसळ केरात. पोस्टमन, न्हावी, पाववाली, सगळे त्यांच्या खिडकीपाशी श्वास धरून बसून गेले होते.

राहिली होती फक्त अक्का, थोरली बहीण. आई गेल्यावर शिलाई मशीन चालवून तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. पण पायाला भिंगरी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू! अकरा वेळा बसली; अकराही वेळा खुर्ची झकास आली आणि खुर्चीत नुसती वाफ.

परवा ती लेकीकडे, समुद्रापार, कायमची जाणार होती. मास्तरांकडे तयार काच एकच उरली होती, आणि नवा मसाला यायला महिना लागणार होता. अक्काचा चेहरा हाती न लागताच ती जाणार, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

“अक्का, दहा आकडे गप्प बस ना गं.”

“मेल्यावर बसेन! अरे, तुझ्या कोटाचं बटण बघ कसं लोंबतंय. आण इकडे.”

तिनं पिशवीतून सुई काढली, दोरा ओला केला, एक डोळा मिटला आणि थबकली. बोलणं बंद, मान स्थिर, श्वाससुद्धा नाही. म्हातारपणी दोरा पटकन ओवला जाईना. मास्तर बघतच राहिले. उभ्या जन्मात अक्का अशी दिसली नव्हती.

बटण लागलं, सुईतला दोरा संपला. मास्तरांनी गुपचूप काच बसवली, कॅमेरा रोखला आणि काळ्या कापडाआड जाऊन धडधाकट दुसरं बटण स्वतःच उपटलं.

“अक्का, हेही तुटलं गं!”

“कोट आहे की चाळण?” अक्का करवादली आणि पुन्हा सुईवर डोळा लावला. मास्तरांनी टोपण काढलं. नऊला दोरा हुकला, दहाला टोपण लागलं, अकराला अक्काचं तोंड सुरू झालं.

काच धुतल्यावर अक्का स्वच्छ उमटली. एक डोळा मिटलेला, ओठ आवळलेले, सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी अशी. मास्तर न्हाणीघरातच नाचले.

“जन्मात एक फोटो, तोही काणा!” अक्का पोट धरधरून हसली. “दे, लेकीला दाखवते.”

“नाही देणार,” मास्तर म्हणाले. अक्काला ते आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हणत होते.

अक्कानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “बरं, ठेव बाबा. ही निदान तुला ओरडणार तरी नाही.”

“तीच तर पंचाईत आहे, अक्का.”